कूस आणि परवाना

ब्रह्मदेशाच्या अराकान प्रांतातून, ज्याला आता राखाइन म्हणतात, 25 ऑगस्ट 2017 नंतरच्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या माणसे नाफ नदी ओलांडून बांगलादेशाच्या कॉक्स बाजार जिल्ह्यात येऊन पडली. 1978 साली आणि पुन्हा 1991-92 साली अशाच रीतीने आलेल्यांपैकी जे मागे राहिले होते त्यांत यांची भर पडली, आणि उखिया व टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांच्या टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्री यांचे असे एक नगर वसले की निर्वासितांची एवढी मोठी वस्ती जगात दुसरी नाही. त्या वस्तीतील अन्नाची, पाण्याची, निवाऱ्याची आणि पटकीच्या लसीची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ झाली. परंतु तेथील ज्या स्त्रीला आणखी मूल नको आहे, किंवा हवे असूनही आताच नको आहे, तिला तसे ठरवण्याची मोकळीक आहे काय, आणि नसल्यास ती कोणी व कशी हिरावली आहे, हा प्रश्न लोकसंख्येच्या सर्वसाधारण गलबल्यात बहुधा बुडून जातो.

या प्रश्नावर माझ्या परिचयाच्या दोन व्यक्तींमध्ये झालेला संवाद पुढे देत आहे. भाऊसाहेब मुलकी खात्यात नायब तहसीलदारापासून चढत चढत उपजिल्हाधिकारी होऊन निवृत्त झालेले. आकडा, नकाशा आणि मुदत यांची जोड नसलेल्या कोणत्याही दयाबुद्धीवर त्यांचा विश्वास नाही. डॉक्टरीणबाई स्त्रीरोगतज्ज्ञ, ग्रामीण रुग्णालयांतील दीर्घ सेवेनंतर काही काळ त्या छावण्यांतील एका उपचारकेंद्रात काम करून आलेल्या. दोघांचाही हेतू शुद्ध आहे, आणि दोघांचे एकमेकांशी न पटणेही तितकेच जुने आहे.

भाऊसाहेब : डॉक्टरीणबाई, तुमच्या करुणेविषयी मला आदर आहे, पण प्रश्न प्रथम बंदोबस्ताचा आहे एवढे मान्य करून पुढे जाऊ. दहा लाखांच्या घरात माणसे, मोजक्या टेकड्या, सरपणासाठी उजाड झालेले जंगल, पावसाळ्यात खचणारी माती, आणि तेथील अधिकारी सांगतात त्याप्रमाणे वर्षाला सुमारे 30 हजार नवी बालके, अशी ही स्थिती. यजमान देश स्वतःच अत्यंत दाट वस्तीचा. गोळ्या आहेत, तीन महिन्यांचे इंजेक्शन आहे, निरोध आहेत, आणि सगळे फुकट आहे. एवढे असूनही बाई पुढे येत नसेल, तर अडथळा पुरवठ्यात नाही, तो तिच्या अज्ञानात आणि धर्मभोळेपणात आहे. आणि असल्या अडथळ्यावर रामबाण उपाय एकच, तो म्हणजे खात्याने घरोघर जाऊन नोंदवही भरावी, उद्दिष्ट ठरवावे आणि नेटाने पाठपुरावा करावा.

डॉक्टरीणबाई : नोंदवहीचे नाव तुम्हीच आधी काढलेत हे बरे झाले, कारण माझ्या मते अडथळ्यांची सुरुवात नेमकी तेथूनच होते. ही स्त्री कोठून आली ते पाहा. 1982 च्या नागरिकत्वाच्या कायद्याने ब्रह्मदेशाने तिच्या जमातीला देशातच परके ठरवले. मौंगडॉ आणि बुथिडाँग या दोन तालुक्यांत, जेथे रोहिंग्यांची वस्ती सर्वांत दाट होती, लग्न करायचे तर सरकारचा परवाना लागे. तो मिळेपर्यंत अर्ज करावे, अंमलदारांचे हात ओले करावे आणि महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, वाट पाहावी, असा शिरस्ता होता. 2005 च्या प्रांतिक हुकुमानंतर तर परवाना देताना दांपत्याकडून दोनांहून अधिक मुले होऊ देणार नाही अशी लेखी हमी घेतली जाई. सरहद्दीवरच्या ज्या दलाला लोक नासाका म्हणत, त्याचे शिपाई कुटुंबाची यादी घेऊन घरात शिरत आणि माणसे उभी करून शिरगणती करीत. तिसरे मूल, किंवा परवान्याआधीचे मूल, यादीत चढत नसे. आणि जे यादीत नाही त्याला प्रवासाचा दाखला नाही, शाळा नाही, पुढे लग्नाची परवानगीही नाही. म्हणून बायका दिवस राहिलेले लपवीत, गावठी उपायांनी गर्भ पाडीत आणि त्यात कित्येक जिवाला मुकत. मे 2013 मध्ये हा दोन मुलांचा निर्बंध स्थानिक अधिकाऱ्यांनी पुन्हा जाहीर केला, तेव्हा आँग सान सू ची यांनीही त्याचा निषेध केला होता. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 2015 साली, दोन बाळंतपणांत 36 महिन्यांचे अंतर ठेवण्याचा हुकूम सोडता यावा असा कायदाच तेथील संसदेने केला. आता हीच स्त्री नदीपार आली आहे, आणि तिच्या झोपडीच्या तोंडाशी वही घेतलेली एक अनोळखी व्यक्ती विचारते, 'मुले किती? आणखी हवीत काय?' त्या वहीत तिने औषधोपचार पाहावा अशी आपली अपेक्षा, पण तिने आयुष्यभर त्या वहीत काय पाहिले आहे?

भाऊसाहेब : हे सर्व मला मान्य आहे, आणि ते घृणास्पद आहे यातही शंका नाही. पण नदी ओलांडल्यावर तो हुकूम मागे पडला. कॉक्स बाजारचे दप्तर नासाकाचे दप्तर नव्हे. दुसरे असे की, त्याच अराकानातल्या बायका तीन महिन्यांचे इंजेक्शन ओळखत होत्या, बाजारातून मिळवून घेतही होत्या, असे तुम्हीच मागे एकदा म्हणालात. मग छावणीत त्याच इंजेक्शनाला भिण्याचे कारण काय?

डॉक्टरीणबाई : ओळखत होत्या, आणि म्हणूनच तुमचा अज्ञानाचा सिद्धान्त टिकत नाही. साधन माहीत असणे वेगळे आणि साधनापर्यंत पोहोचणे वेगळे. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते त्या छावणीत टेकडीच्या चढउताराने, घराच्या उंबरठ्याने आणि घड्याळाच्या काट्याने मोजावे लागते. एका सकाळचेच पाहा. बाईला घरातून निघायचे तर बुरखा हवा, वर छत्री हवी, बरोबर कोणी हवे, आणि कोठे जातेस या प्रश्नाला पटणारे उत्तर हवे. लहान मूल कडेवर, दुसरे हाताशी. वाट पावसात घसरडी, उतारावर पायऱ्यांच्या जागी वाळूची पोती. केंद्रात पोहोचली तर रांगेत पुरुष उभे असतात, आणि रांगेतला शेजारी संध्याकाळपर्यंत घरी कळवतो. बोलायचे तर तिची बोली चितगावच्या बोलीच्या जवळची असली, तरी ढाक्याकडून आलेल्या परिचारिकेला ती धड कळत नाही, म्हणून दुभाषी लागतो. आणि तो पुरुष असला की सांगायची गोष्ट तिच्या ओठांतच राहते. दुपार कलली की संस्थांच्या लोकांना छावणी सोडावी लागते, आणि घरातून गुपचूप निघण्याची संधी बाईला मिळते ती बहुधा त्यानंतरच.

माझ्या टेबलाशी येणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी जणी इंजेक्शनच का मागत, हेही ऐका. गोळ्यांचे पाकीट उशाखाली सापडते; दंडाच्या कातडीखाली बसवलेली काडी नवऱ्याच्या बोटाला लागते; इंजेक्शनाची मात्र खूण राहत नाही. खूण राहते ती कार्डाची, ज्यावर पुढची तारीख लिहिलेली असते. ते कार्ड घरी न नेता आमच्याच खणात ठेवून जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. लिहितावाचता येत नसल्याने त्या पुढची तारीख चंद्राच्या हिशेबाने लक्षात ठेवीत, आणि आमच्या तारखेपासून कोणी दहा दिवस आधी येई, कोणी तीन आठवडे उशिरा.

भाऊसाहेब : म्हणजे गाठ अखेर नवऱ्याशीच आणि धर्माशीच. आणि त्यावरही व्यवहारी मार्ग आहेच. पेशइमामांना विश्वासात घ्या, वस्तीवस्तीचे जे प्रमुख बांगलादेशाच्या लष्कराने 2017 मध्ये नेमले आणि ज्यांना तेथे माझी म्हणतात त्यांना हाताशी धरा, आणि नवऱ्यांची संमती मिळवा. पुढाऱ्यांचे मन वळले की लोक आपोआप वळतात, हा आमच्या खात्याचा जुना अनुभव आहे.

डॉक्टरीणबाई : इमामांशी बोलावे, जरूर बोलावे. काही इमामांनी दोन बाळंतपणांत अंतर राखण्याला मोकळ्या मनाने पाठिंबा दिलेला मला ठाऊक आहे, आणि गर्भधारणा टाळण्याच्या उपायांची चर्चा इस्लामी धर्मशास्त्राला नवी नाही. पण नवऱ्याच्या संमतीची अट एकदा घातलीत, की ज्या बाईला ती संमती मिळण्यासारखी नाही, आणि गरज नेमकी जिला अधिक आहे, तिच्यासाठी केंद्राचे दार बंद झाले. आणि धर्माच्या नावावर सर्व काही ढकलायचे असेल, तर त्याच बांगलादेशाचे उदाहरण तुमच्या आड येते. 1970 च्या दशकात तेथे सरासरी एका स्त्रीला सहांहून अधिक मुले होत. आज हे प्रमाण दोन-सव्वादोनच्या आसपास आले आहे. धर्म तोच राहिला. कॉक्स बाजार ज्या चितगाव विभागात मोडते त्याच विभागातल्या मतलब येथे 1977 पासून जो प्रयोग चालला, त्यात गावातल्याच शिकलेल्या विवाहित स्त्रिया पंधरवड्याला घरोघर जात, एकाऐवजी अनेक साधने पुढे ठेवीत, आणि साधनाने त्रास झाला तर त्यावर उपचार करीत. लवकरच तेथे साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी वाढले.

भाऊसाहेब : (हसून) मतलबचा दाखला देऊन तुम्ही माझाच पक्ष बळकट केलात! घरोघर जाणे, ठरलेल्या दिवशी जाणे, नोंद ठेवणे, साठा अखंड ठेवणे, वरून देखरेख करणे, यालाच तर मी बंदोबस्त म्हणतो. दुर्गम गावी औषध वेळेवर पोहोचते ते कोणाच्या कनवाळूपणाने नव्हे, तर कोणीतरी मागणीपत्रक वेळेवर भरले आणि कोणीतरी त्याची रुजुवात घेतली म्हणून.

डॉक्टरीणबाई : तेवढे मी बिनतक्रार मान्य करते. मतलबच्या नोंदवहीत आणि तुमच्या नोंदवहीत फरक एवढाच, की मतलबच्या बाईला त्या वहीमुळे देश सोडावा लागला नव्हता. आणि उद्दिष्टाचे म्हणाल, तर त्याचे फळ आपण आपल्याच घरी पाहिले आहे. 1976-77 या एका वर्षात आपल्या देशात 82 लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले, जे राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे कायदा होता होता राहिले. तुम्ही त्या वेळी नोकरीत नवे होतात. तालुक्यातालुक्यावर किती आकडा आणा म्हणून कसा तगादा होता, ते तुम्हाला मी सांगायला नको.

भाऊसाहेब : त्या वर्षाची वकिली मी कधी केली नाही आणि करणारही नाही. शिक्षकाचा पगार आकड्यासाठी अडवणे हा बंदोबस्त नव्हे, ती बेबंदशाही होती. आणि आकड्यांच्याच भाषेत बोलायचे तर तो आतबट्ट्याचा व्यवहार होता. कारण पुरुषांच्या नसबंदीचे नाव त्या वर्षी जे बदनाम झाले ते आजतागायत सुधारलेले नाही, आणि कुटुंबनियोजनाचा सारा भार तेव्हापासून बायकांच्या शस्त्रक्रियेवर पडला.

डॉक्टरीणबाई : तर मग ऑक्टोबर 2017 ची गोष्ट आठवा. माणसे अजून चिखल तुडवत येतच होती, आणि कॉक्स बाजारच्या कुटुंबनियोजन खात्याने छावण्यांत नसबंदीची सोय करण्याची परवानगी वरिष्ठांकडे मागितल्याचे वृत्त जगभर प्रसिद्ध झाले. ती स्वेच्छेची असणार होती, यात मला शंका घ्यायची नाही. पण जिचा तांदूळ दुसऱ्याच्या हातात आहे, जिला काम करण्याचा कायदेशीर हक्क नाही, जिला यजमान देश कागदोपत्री निर्वासित म्हणायलाही तयार नाही, आणि जिच्या घरातली किती माणसे गोळीला बळी पडली याचा सुतकातला हिशेब अजून संपलेला नाही, तिच्या स्वेच्छेला त्या घटकेला अर्थ काय?

भाऊसाहेब : आता मला थोडे कठोर बोलू द्या. तुमचा हा युक्तिवाद शेवटापर्यंत नेला तर त्या बाईला काहीच देता येणार नाही. देणारा बलवान आणि घेणारी निर्बळ, म्हणून प्रत्येक देणे ही सक्ती. आणि सक्ती नको, म्हणून देणेच नको! हा नाजूकपणा कोणाच्या मुळावर येतो? ज्या बाईला पाचवे बाळंतपण नको आहे तिच्या. संकटात अन्न, पाणी, तंबू आधी, कुटुंबनियोजन ही सावकाशीने बघायची गोष्ट, असे मदत करणाऱ्या जगाने किती वर्षे मानले? कैरोच्या 1994 च्या परिषदेत निर्वासित स्त्रियांच्या या गरजेचा उच्चार झाला, पुढच्याच वर्षी अनेक संस्थांचा एक संयुक्त गट स्थापन झाला, संकटकाळी पहिल्या दिवसापासून द्यावयाच्या किमान सेवांची यादी तयार झाली. परंतु नको असलेले गर्भारपण टाळणे हे त्या यादीतले स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून मान्य होण्यास 2018 ची सुधारित मार्गदर्शिका निघावी लागली. मधल्या दोन तपांत किती छावण्या बसल्या आणि किती उठल्या! त्यांतल्या बायकांवर कोणी सक्ती केली नव्हती, डॉक्टरीणबाई. त्यांना नुसते वगळले होते.

डॉक्टरीणबाई : (थोडे थांबून) हा मुद्दा तुमचा आहे आणि तो मी पूर्णपणे स्वीकारते. लादणे आणि वगळणे या एकमेकांच्या विरुद्ध गोष्टी दिसतात, पण दोहोंचे मूळ एकच आहे, की बाईच्या कुशीचा निर्णय बाईखेरीज दुसऱ्या कोणीतरी घ्यायचा. आपल्याच इतिहासात दोन्ही टोके सापडतात. रघुनाथराव कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या कार्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली आणि पुढे त्यांच्या मासिकावर खटले झाले; 10 नोव्हेंबर 1938 रोजी डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा प्रसार सरकारने करावा असा ठराव आला, तो बहुमताने फेटाळला गेला. जे द्या म्हटले असता विधिमंडळाने नाकारले, तेच अडतीस वर्षांनी त्याच मुंबईत बसलेल्या विधिमंडळाने सक्तीचे करायला घेतले. आणि या दोन्ही प्रसंगी ज्यांच्या देहाचा प्रश्न होता त्यांना कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

छावणीतही हेच चालते. बांगलादेशाचा राष्ट्रीय कार्यक्रम विवाहित जोडप्यांची गणना करतो. मग विधवेने काय करावे, नवरा बेपत्ता आहे तिने काय करावे, सोळा-सतरा वर्षांच्या अविवाहित मुलीने काय करावे? 2017 मध्ये ब्रह्मदेशाच्या लष्कराने ज्यांच्यावर अत्याचार केले त्या स्त्रियांमध्ये या सगळ्या होत्या. बांगलादेशात 1979 पासून एक सोय आहे, की पाळी चुकली असता ती नियमित करण्याची प्रक्रिया प्रशिक्षित आरोग्यसेविका दहा आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टर बारा आठवड्यांपर्यंत करू शकतात. एरवी गर्भपाताला 1860 च्या दंडसंहितेचा वारसा आडवा येतो. सोय मोठी उपयोगी. पण बाईला ती ठाऊक हवी, आठवडे मोजता यायला हवेत, आणि अब्रूच्या भीतीने घरात कोंडून घेतलेल्या मुलीचे दहा आठवडे भर्रकन निघून जातात.

भाऊसाहेब : आणि पैसा? तुमच्या विवेचनात पैशाचे नाव अजून आलेले नाही. 2023 मध्ये त्याच छावणीत माणशी महिन्याचा शिधा 12 डॉलरांवरून 10 वर आणि 10 वरून 8 वर आला, पुढे पुन्हा वाढला. 2025 च्या आरंभी अमेरिकेने मदतीचा हात आखडला, संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीची अनुदाने रद्द केली, आणि गर्भपाताविषयी चकार शब्द काढणाऱ्या परदेशी संस्थेला पैसा नाही ही 1984 पासूनची येणारी-जाणारी अट पुन्हा आली. वॉशिंग्टनात सत्ता बदलली की कुतुपालोंग छावणीच्या टेकडीवरची सुईण घरी बसते. इमामाची समजूत घालता येते, सासूची घालता येते; पण ज्या खजिन्यावर आपला अखत्यार नाही त्याच्यापुढे काय करणार?

डॉक्टरीणबाई : म्हणूनच तर मी लादणे आणि वगळणे यांना एका जातीचे म्हटले. वॉशिंग्टनातला अंमलदार, नासाकाचा शिपाई, वस्तीचा माझी, घरातली सासू, हे सारे एकाच रांगेत उभे आहेत. कोणी नको म्हणतो, कोणी घेच म्हणतो. आणि मधली जी बाई, तिचे मतही नेहमी आपल्याला सोयीचे असेल असे नाही. पुष्कळ जणींना मुले हवी आहेत. ज्यांची जमात नष्ट करण्याचा प्रयत्न झाला, ज्यांची मुले डोळ्यांदेखत गेली, त्यांनी नवे मूल हा अल्लाचा प्रसाद मानला तर त्यात मागासलेपण कसले? माझ्यासमोर बसून इंजेक्शन नको म्हणणाऱ्या बाईलाही मी तितक्याच आदराने उठून जाऊ दिले पाहिजे.

भाऊसाहेब : वादासाठी हेही मानले. पण खाते चालवायचे म्हणजे मोजमाप हवे. नवी साधने किती जणींनी घेतली हा आकडा तुम्ही बाद केलात. मग केंद्र चांगले चालले आहे की वाईट, हे वरच्या अधिकाऱ्याने कशावरून ओळखावे?

डॉक्टरीणबाई : मी एक कसोटी सांगते. दंडात बसवायची काडी तीन ते पाच वर्षे काम देते. बसवायला काही मिनिटे लागतात. काढायला मात्र छोटा छेद द्यावा लागतो आणि सरावाचा हात लागतो. बसवायची सोय जेवढ्या ठिकाणी असते तेवढ्या ठिकाणी काढायची नसते, आणि कोणी काढून मागितले की आम्हीच समजूत घालू लागतो, 'थोडे दिवस थांब, रक्त जायचे आपोआप थांबेल.' त्या बाईच्या दृष्टीने मात्र रक्त जाणे म्हणजे नमाज पढावी की नाही हा रोजचा पेच, धुतलेली फडकी पुरुषांच्या नजरेआड वाळवायला जागा नाही ही अडचण, आणि नवऱ्याच्या मनात किंतु. म्हणून अधिकाऱ्याने केंद्रात जाऊन एवढेच विचारावे, की काल ज्या बाईने साधन काढून मागितले तिला ते कालच्या काल, कारण न विचारता आणि कोणाची सही न मागता, काढून मिळाले काय? मिळत असेल तर केंद्र चांगले आहे. माघारी फिरण्याची वाट मोकळी आहे असे दिसले की शेजारीण दुसऱ्या दिवशी आपल्या पायाने येते.

भाऊसाहेब : खर्चाच्या दृष्टीने ही कसोटी फार महाग आहे. आज बसवलेले दोन महिन्यांनी काढायचे, म्हणजे पैसे पाण्यात. देणगीदाराच्या हिशेबनिसाला हे कसे समजावणार? तरी, 1976 च्या व्यवहारात जो तोटा झाला तो याहून मोठा होता, हे मला नाकारता येत नाही. तुमची कसोटी मी घेतो. पण तिच्या जोडीला माझी एक घ्या. जी बाई चंद्र मोजत, छत्रीआड तोंड लपवून, ठरल्या दिवशी टेकडी उतरून तुमच्या टेबलाशी आली, तिच्यासाठी इंजेक्शनाची बाटली त्या दिवशी कपाटात होती काय? 'साठा संपला, पुढच्या आठवड्यात या' असे तुम्ही म्हणालात, तर घरातून निघण्याची दुसरी सबब तिला कोणी द्यायची? तुमच्या शब्दांत सांगायचे तर तेही वगळणेच. फरक इतकाच की ते कोणाच्या हुकुमाने होत नाही, आळसाने होते.

डॉक्टरीणबाई : ती मी आनंदाने घेते. आणि खरे सांगायचे तर, माझी कसोटी तुमच्या कसोटीवाचून कोरी सहानुभूती ठरेल.

भाऊसाहेब : आणि माझी तुमच्या कसोटीवाचून पुन्हा एकदा कोष्टक!

संवाद येथे थांबला. दोघांचे पूर्णपणे जुळले असे मी म्हणणार नाही. भाऊसाहेबांना अजूनही वाटते की दाट वस्तीचे गणित कधी ना कधी कोणीतरी मांडलेच पाहिजे, आणि डॉक्टरीणबाईंना वाटते की ते गणित मांडणाऱ्याने त्या स्त्रीच्या दाराशी जाताना वही बाहेर ठेवून जावे. या दोहोंत मला जे दिसते ते असे. आईबापांनी आपली मुले किती व किती अंतराने असावीत हे स्वतंत्रपणे आणि जबाबदारीने ठरवणे हा मूलभूत मानवी हक्क आहे, असे जगातील राष्ट्रांनी 1968 साली तेहरानच्या परिषदेत घोषित केले; परंतु त्या घोषणेनंतर अर्धे शतक लोटले तरी ज्यांना राष्ट्रच नाही त्यांच्यापर्यंत तो हक्क कोणाच्या हस्ते पोहोचवायचा, याची तजवीज झालेली नाही. रोहिंग्या आज आपल्याही देशात, जम्मूत, हैदराबादेत, दिल्लीच्या कडेला झोपड्या बांधून राहत आहेत, आणि आधारपत्राच्या अभावी सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी जी टाळाटाळ होते ती त्यांच्या बायकांच्याही वाट्याला येते. तेव्हा हा प्रश्न नाफ नदीपलीकडचा म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाही. किती गोळ्या वाटल्या आणि किती इंजेक्शने दिली याचे अहवाल यापुढेही निघतील, आणि निघावेतही. पण निर्वासित स्त्रीला साधन खऱ्या अर्थाने उपलब्ध झाले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच येईल, जेव्हा ते मागण्यासाठी, नाकारण्यासाठी आणि काढून घेण्यासाठी तिला स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाचीही सही लागणार नाही, आणि ती ज्या दिवशी मागायला येईल त्या दिवशी ते तेथे असेल.